लोहाबाईची मान

करडी,
१४ सप्टेंबर २०२५, रविवार

प्रिय रंजू,

तुझे पार्सल गुरुवारी मिळाले. आठही मुखपृष्ठे सुखरूप आहेत. दुसऱ्या अंकाचा एक कोपरा दुमडला होता, तो सरळ करून जाड पुस्तकाखाली दाबून ठेवला आहे. इकडे सगळे ठीक. बाबा रोज तळ्यावर जातात, यंदा शिंगाड्याचे वेल चांगले पसरलेत. आईचा गुडघा होता तसाच. तू पाठवलेली ठेठरी तिने दोन दिवसांत संपवली आणि वर म्हणाली की रायपूरवाल्यांना तिखट कळत नाही. सचिनराव आणि तुझ्या सासू-सासऱ्यांना नमस्कार सांग.

आधी फोनचे. तू चिठ्ठीत लिहिलेस की मी फोन उचलत नाही आणि तुझ्या आवाजी निरोपांना नुसता अंगठा पाठवते. कारखान्यात फोन गेटवर जमा करावा लागतो. वरठीहून घरी येईपर्यंत तुमची जेवणाची वेळ झालेली असते. शिवाय चित्रांवर बोलायचे तर लिहिलेले बरे, शब्द नेमके राहतात. म्हणून हे पत्र.

आता कामाचे. मला समजले ते असे: नागपूरच्या चंद्रकांता मॅडम तुझ्या 'लोहाबाई' कॉमिकचे आठही अंक एका पुस्तकात काढणार आहेत. आतली चित्रे तुझीच राहतील. मुखपृष्ठ मात्र त्यांनी संगणकाकडून करून घेतले आहे आणि नमुना तुला पाठवला आहे. ते तुला नको असेल तर तुझ्या आठांपैकी एक पंधरा ऑक्टोबरच्या आत त्यांच्याकडे पोचले पाहिजे. तू मला विचारतेस की आठांत त्या तोडीचे एक तरी आहे का. नसेल तर तू होकार कळवून मोकळी होशील. 'तू तोंडदेखलं बोलत नाहीस म्हणून तुलेच विचारून राहिली,' असे तुझे शब्द आहेत. ठीक आहे.

मागच्या पानासाठी कथेचा सारांशही तू मागितला आहेस. तो असा चालेल का बघ: 'एका कंपनीने तळ्याचे पाणी सोडायला-अडवायला एक यंत्र गावात पाठवले. कंपनी बंद पडली, यंत्र राहिले. गावातल्या बायांनी त्याला लुगडे नेसवले आणि लोहाबाई असे नाव ठेवले. तळ्यात डोंगा चालवणारी फुलवंती तिची मैत्रीण झाली. लोहाबाईला सगळे जमते, फक्त मनातले सांगता येत नाही.' शेवटचे वाक्य तुझ्या पहिल्या अंकातले आहे. माझे नाही.

आज सुट्टी म्हणून तुझी आठ आणि संगणकाचे एक अशी नऊही चित्रे दिवाणावर मांडली आणि दार लावून बसले. आईला वाटले मी झोपले आहे.

संगणकाच्या नमुन्यापासून सुरुवात करते. कारागिरीत तो सर्वांत वरचा आहे, हे लिहिताना मला बरे वाटत नाही, पण तू खरे विचारले आहेस. उजेड एकाच बाजूने येतो आणि सावल्या त्याप्रमाणेच पडतात. सांधे पटण्यासारखे आहेत. गुडघा पुढून मागे वाकतो, तुझ्या चित्रांतल्यासारखा मागून पुढे नाही. दोन्ही कान सारख्या उंचीवर, नजर समोर. त्या यंत्राला लुगडे नेसवले आहे ते मात्र कुठल्या मुलखाचे ते ओळखू येत नाही. पदर कुठून सुरू होतो आणि कुठे संपतो तेही कळत नाही.

तुझ्यांमध्ये पहिला क्रमांक सातव्या अंकाला. पूर्ण चित्रात फक्त दोन लोखंडी हात आहेत आणि फाटलेले जाळे. चेहरा नाही, गाव नाही, तळे नाही. बोटांची पेरे मी दिलेल्या आकृतीप्रमाणे काढलेली हे एकमेव मुखपृष्ठ. जाळ्याची गाठही बरोबर आहे. बाबांनी दारातून एकदा पाहिले आणि म्हणाले, 'हे कोणाचे हात होत? कामाचे दिसतात.' तुझ्यासाठी याहून मोठे शिफारसपत्र माझ्याजवळ नाही. अडचण एवढीच की पुस्तकाच्या दुकानात हे चित्र पाहून कोणी रोबोटची गोष्ट म्हणून उचलणार नाही, जाळे विणायचे पुस्तक म्हणून उचलेल.

दुसरा क्रमांक सहाव्याला. लोहाबाई दिवाळीनंतरच्या मंडईच्या जत्रेत, रात्रीच्या नाटकात राजा झाली आहे आणि तिच्या वजनाने रंगमंचाची फळी वाकली आहे. मागचा राजवाड्याचा पडदा म्हणजे सरळ तुझ्या बाबांचा, तेजरामकाकांचा आहे, ते दोन मोर आणि तो उगाच असलेला कारंजा मी कुठेही ओळखीन. उजेड खालून, पायदिव्यांचा. इथे तो शोभतो. पण रंजू, तुझ्या आठही मुखपृष्ठांत उजेड खालूनच येतो, भर दुपारच्या धानाच्या बांधीतही. वडिलांबरोबर नाटकाचे पडदे रंगवत वाढल्याचा हा परिणाम. सूर्य खड्ड्यात बसलेला नसतो.

तिसरा क्रमांक पाचव्याला, शिंगाडे तोडतानाच्या. रंग सर्वांत छान आहेत, विशेषतः पाण्याचा हिरवा. पण दुसऱ्या अंकात तूच लोहाबाईचे वजन चारशे किलो लिहिले आहेस. त्या मापाच्या डोंग्यात चारशे किलोची बाई आणि वर फुलवंती बसली तर डोंगा काठावरच बुडेल. मी तेव्हाही हिशेब करून दाखवला होता आणि तू म्हणाली होतीस, 'माह्या डोंग्यात नाही बुडत.' माझा हिशेब आजही तोच आहे.

पहिला अंक झेरॉक्सचा असल्यामुळे त्याला सूट देऊन चौथा क्रमांक. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून उतरणारी लोहाबाई सरळ उभी आहे आणि गाव तिच्याकडे पाहते आहे. गुडघा उलटा, तरी चित्रात दम आहे. मग चौथा अंक. तिसऱ्या आणि दुसऱ्याबद्दल वेगवेगळे लिहिण्यासारखे काही नाही. दोन्हींत गर्दी इतकी आहे की लोहाबाईला शोधावे लागते. दुसऱ्यात तर राइस मिलचा पट्टा कुठल्याच चाकावरून जात नाही.

एक दोष चौथ्या अंकापासून पुढे सगळीकडे आहे, म्हणून वेगळा लिहिते. लोहाबाईची मान. ती सरळ नाही. तिच्या स्वतःच्या उजवीकडे थोडी वळलेली आणि डावा कान पुढे. सातव्यात डोके दिसत नाही म्हणून तेवढे सुटले. यंत्राला असे करायची गरज नसते, त्याला दोन्ही बाजूंनी सारखेच ऐकू येते. मी विचार केला आणि मला कारण सापडले असे वाटते. एका हंगामात दहा-दहा नाटके करणारा आपला नट सगळे पाठ करू शकत नाही. समोर खड्ड्यात प्रॉम्प्टर बसतो, वाक्य पुरवतो, आणि नट एक कान तिकडे ठेवून बोलतो. राजा असो की राक्षस, मान थोडी वाकडीच. तू लहानपणापासून पडद्याआडून त्याच माना पाहिल्यास आणि तीच लोखंडाला दिलीस. सवय आहे, पण चूकच आहे. पुस्तकासाठी निवडायचे झाले तर ती दुरुस्त करावी लागेल.

आठवा अंक शेवटी.

स्टेशन वरठीचे आहे हे पाटी न काढताही कळते. गाडी सुटते आहे, खिडकीत फुलवंती, फलाटावर लोहाबाई. खिडकी वीतभर तरी जास्त उंच आहे. फुलवंतीचे तोंड उघडे आहे आणि तिच्या तोंडापुढे बोलण्याचा फुगा काढला आहेस, पण तो रिकामा. रिकामा ठेवायचा तर काढायचा कशाला? छापताना शब्द राहून गेले असेच वाचकाला वाटेल. त्यावर लोहाबाईच्या मानेजवळ दोन छोट्या रेषा, म्हणजे ती मान हलवून हो म्हणते आहे. कशाला हो, ते चित्रात नाही. निरोपाचे चित्र, घडत काही नाही, आणि बोलणे गहाळ. म्हणून शेवटचा क्रमांक. अंक निघाला तेव्हाच हे कळवणार होते, राहून गेले.

तेव्हा तुझ्या प्रश्नाचे उत्तर: कारागिरीच्या कसोटीवर संगणकाचे चित्र वरचढ आहे. सातव्यावर मेहनत घेतलीस तर ते त्याच्यासमोर उभे राहील. निर्णय तुझा. चित्रे इथेच सांभाळून ठेवते, पोस्टाने परत पाठवायला धीर होत नाही.

तेजरामकाका परवा भेटले. आत्तापासून तीन नाटक मंडळ्यांची कामे धरली आहेत, म्हणजे मंडईचा सगळा हंगाम ते बैलबंडीत नाही तर टेम्पोत. तुझी खुशाली मी सांगितली. म्हणजे तू चिठ्ठीत लिहिली होतीस तेवढी.

कळावे.

ज्योत्सना


करडी,
५ ऑक्टोबर २०२५, रविवार

प्रिय रंजू,

तुझे उत्तर आले. पोस्टमन ते बाबांच्या हातात तळ्यावरच देऊन गेला, म्हणून त्याला थोडा शिंगाड्याचा वास आहे. मी ते दिवाणावर बसून वाचले, मग पुन्हा वाचले, आणि तुला लगेच लिहायला बसले नाही. म्हणून उशीर. फोन गेटवर ठेवतात वगैरे आज लिहीत नाही.

तू लिहिले आहेस:

'तू म्हणतेस ते बरोबर, संगणकाचंच चित्र जाऊ दे. मी मॅडमले तसं कळवतो. आठवं तू शेवटी टाकलंस, ठीक. पण शब्द छापताना नाही राहिले. गेल्या वर्षी पोळा करून आम्ही परत निघालो तवा मी खिडकीतून तुले म्हटलं होतं का मंडईले मले न्यायले तूच येजो, मले भाऊ नाही अन् बाबा मंडईत कोणाचे नसतात. तू मान हलवली. मी दिवाळी झाल्यावर बॅग भरून बसली. सासू रोज विचारे, कोण येणार होतं न तुले न्यायले? मग थंडीत हे चित्र काढता काढता मले समजलं का तुले ऐकूच आलं नव्हतं. तू आली नाहीस याचा राग कवाच गेला. तू सांगत नाहीस याचा हाय. मी चित्र काढून तुले विचारलं. तू त्याले नंबर दिला.'

हे सगळे इथे उतरवून काढले कारण मला ते माझ्या हाताने एकदा लिहायचे होते. त्यात एकही चूक नाही.

आता माझ्या बाजूचे. हे मी आजवर कोणाला सलग सांगितलेले नाही, त्यामुळे क्रम चुकला तर सांभाळून घे.

उजव्या कानाने मला जवळजवळ ऐकू येत नाही. डाव्यानेही पूर्वीपेक्षा कमी येते. नस कमजोर होत जाते, कारखान्याच्या आवाजाचा त्यात दोष नाही, मी नोकरीला लागायच्या आधीच सुरू झाले होते. नागपूरला डॉक्टरांकडे मी एकटी गेले, घरी सांगितले की प्रशिक्षण आहे. त्यांनी कानाचा आलेख काढला आणि मला समजावून सांगू लागले. मी म्हटले, मला आलेख वाचता येतो. रोज तेच काम करते. डावी रेष थोडी खाली उतरत जात होती. उजवी तर सुरुवातीलाच पायरीवरून पडल्यासारखी होती.

तू त्या दिवशी खिडकीतून बोललीस तेव्हा गाडीने हिसका दिला होता, चहावाला ओरडत होता, आणि मी तुझ्या ओठांकडे पाहत होते. मला 'मंडई' एवढा शब्द कळला. वाटले, मंडईला येईन म्हणतेस. म्हणून मान हलवली. मग मंडईला तू आली नाहीस. मी आईला म्हटले, सासरी रमली. रंजू, मी दोन महिने तुझ्यावर रुसले होते आणि तू रायपूरला बॅग भरून बसली होतीस.

मान हलवणे हे माझे जुने तंत्र आहे. अर्धे वाक्य ऐकायचे, अर्धे जुळवायचे, आणि हो म्हणायचे. बहुतेक वेळा जुळते. तुझ्या आवाजी निरोपांनाही तेच, अंगठा म्हणजे लांबून हलवलेली मान. त्यातल्या एकाही निरोपात तू नेमके काय म्हणालीस हे मला माहीत नाही. मी ते सगळे ठेवून दिले आहेत.

का सांगितले नाही? शाळेपासून तू आणि सगळे मला 'मशीन' म्हणता, कारण माझे काही चुकत नाही. तुला आठवत असेल, मला ते नाव आवडायचे. अंदाजाने ऐकणारीला मशीन कोण म्हणेल? आणि तुला सांगितले असते तर तू माझ्याशी हळू आणि मोठ्याने बोलायला लागली असतीस, जसे सगळे माझ्या आजोबांशी बोलायचे. बाकी कोणी तसे बोलले तर चालले असते. तू नाही.

आता मानेचे. तुझे पत्र आल्यावर मी चित्रे पुन्हा बाहेर काढली. या वेळी क्रमांकाने नाही, अंकांच्या क्रमाने लावली. इतक्यात आई उकडलेल्या शिंगाड्यांचे ताट घेऊन आत आली आणि माझ्या डाव्या बाजूला बसली. मी अजून काही ठरवायच्या आत ती चित्रांकडे बघून म्हणाली, 'हे त तूच होस.'

मी म्हटले, ते यंत्र आहे.

'असू दे न. लुगडं नेसवलं त का मले समजत नाही? बाप बोलते तवा तू अशीच पायते, कोंबडीवानी.' आणि तिने पहिल्या तीन अंकांवर बोट ठेवले. 'इथं सरळ हायस.' मग चौथ्यावर. 'इथून वाकडी.'

मी पाहिले. चौथा अंक तू काढलास ते माझे नोकरीचे पहिले वर्ष. त्याआधीच्या तिन्ही अंकांत लोहाबाई समोर पाहते. गर्दीत शोधावी लागते, पण सापडल्यावर सरळ सापडते. मी तुझ्या मुखपृष्ठांचे गुण देत होते आणि तू माझाच आलेख काढून ठेवला होतास, डॉक्टरांच्या आधी. मी तिला प्रॉम्प्टरकडे वळलेली मान म्हटले. अगदी चूकही नव्हते ते. तू कायम माझ्या डाव्या हाताला चालायचीस, वर्गात डावीकडे बसायचीस, मास्तर काय म्हणाले ते हळूच पुरवायचीस. मला वाटायचे तुला ती बाजू आवडते. चित्रांतही पाहून घेतले: जिथे जिथे फुलवंती लोहाबाईच्या शेजारी आहे तिथे ती डावीकडेच आहे.

मी आईला विचारले, तुला कधीपासून ठाऊक आहे. ती शिंगाडा सोलत म्हणाली, 'उजवीकडून ज्योत्सनाले हाका मारून फायदा नाही हे घरच्या कोंबड्यालेबी मालूम हाय.'

'मग बोलली का नाहीस?'

'तू सांगशीन मनून वाट पायली,' आई म्हणाली. 'आता खाय.'

तेव्हा तुम्ही दोघी एकाच मताच्या आहात.

कानाचे यंत्र मी मार्चमध्येच घेतले होते. ते डब्यासकट कपाटात होते, साड्यांच्या मागे. आता लावते. हे पत्रही लावून लिहिते आहे. उजव्या कानाला उपयोग नाही, डाव्याला आहे. आपला पंखा इतका कुरकुरतो हे मला माहीत नव्हते. बाबा जेवताना स्वतःशी बोलतात, तेही नव्हते. दोन दिवस डोके दुखले, आता कमी आहे. बाबांनी यंत्र हातात घेऊन उलटेसुलटे पाहिले आणि विचारले की पाण्यात चालते का. मी नाही म्हटल्यावर त्यांचा त्यातला रस संपला.

कारखान्यातही सांगितले. ते घरी सांगण्याहून अवघड जाईल असे वाटत होते. आमच्या कामात मापकात चूक असणे हा दोष धरत नाहीत. चूक किती आहे ते तपासून एका चिठ्ठीवर लिहितात आणि ती मापकालाच चिकटवतात, मग ते बिनधास्त वापरता येते. चिठ्ठी नसलेले मापक मात्र आम्ही बाजूला काढतो, ते बरोबर दाखवत असले तरी. साहेबांना मी एवढेच म्हटले की माझी चिठ्ठी चिकटवायची राहिली होती. त्यांनी माझ्या टेबलाजवळच्या धोक्याच्या घंटीला दिवा जोडायला सांगितले. तो मीच जोडला.

आता पुन्हा मुखपृष्ठे, कारण मुद्दा तोच आहे आणि पंधरा तारीख जवळ आली आहे.

संगणकाचे चित्र मी पुन्हा पाहिले. आधी लिहिलेले काहीच मागे घेत नाही, उजेड बरोबर, सांधे बरोबर. पण त्या यंत्राचे दोन्ही कान चांगले आहेत. ते सगळ्यांकडे सारखेच पाहते, म्हणजे कोणाकडेच पाहत नाही. त्याच्या डावीकडे कोणी येऊन उभे राहावे अशी जागाच चित्रात नाही. चांगले यंत्र आहे. लोहाबाई नाही. त्याला शेवटचा क्रमांक.

सातवे, सहावे आणि पाचवे एकेक पायरी खाली उतरतील. डोंगा बुडायलाच हवा या मतावर मी ठाम आहे.

पहिला क्रमांक आठव्याला. कारणे लिहिते, नाही तर तुला वाटेल मी दयेने दिला. त्यात दोनच जणी आहेत आणि दोघी एकमेकींकडे पाहतात. बाकी सगळ्या मुखपृष्ठांवर लोहाबाई काहीतरी करते आहे. इथेच ती काही करू शकत नाही, आणि गोष्ट सगळी तिथे आहे. उजेड इथेही खालूनच येतो, पण फलाटावर तो चालून जातो. आणि रिकामा फुगा. तो फुलवंतीच्या तोंडून निघालेला नाही, लोहाबाईच्या कानात पोचलेला आहे. जेवढे पोचले तेवढेच तू काढलेस. एवढा नेमका फुगा मी कुठल्याच कॉमिकमध्ये पाहिलेला नाही, आणि मीच तुला विचारले की शब्द कुठे गेले.

तेव्हा फुग्यात काही भरू नकोस. मान सरळ करू नकोस. खिडकीची उंची मात्र चुकलीच आहे, तेवढी पुस्तकासाठी वीतभर खाली घे. वर पत्र्याच्या छपराशी पुस्तकाच्या नावाला पुरेशी जागा आहे.

मूळ चित्र माझ्याकडे आहे. मॅडमना तू होकार कळवला असशील तरी पंधरा तारखेपर्यंत बदलता येतो, हे त्यांच्याच चिठ्ठीत लिहिले आहे. तू हो म्हणालीस तर येत्या शनिवारी मी ते नागपूरला स्वतः नेऊन देईन आणि खिडकीचे तू फोनवर त्यांना सांग. मला फक्त 'हो' एवढे टाइप करून पाठव. बोलून नको. आणि अंगठा तर मुळीच नको.

राहिले एक.

करडीची मंडई यंदा भाऊबीजेनंतरच्या रविवारी आहे. तेजरामकाका त्या रात्री दुसऱ्या गावी पडदे लावत असतील, त्यांना विचारून घेतले. मी भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, रायपूरला येते. सासूबाईंना आत्ताच सांगून ठेव की कोण येणार आहे. गेल्या वर्षीचे त्यांनी विचारले तर खरे ते सांग, मी सांगितले म्हणून. भाऊ न्यायला येतो तेव्हा काय काय नेतात ते आईला विचारले. तिने यादी मोठी सांगितली. मी शिंगाडे आणि तांदूळ आणते, बाकीचे तुझ्या सासरच्यांना माझ्याकडून चालवून घ्यावे लागेल.

स्टेशनवर घ्यायला आलात तर हाक मारू नकोस. हात वर कर. मी बघीन.

परतीच्या गाडीत मी उजव्या बाजूची खिडकी धरीन, म्हणजे तू माझ्या डावीकडे येशील. तुझे ते सगळे आवाजी निरोप मी ठेवून दिले आहेत म्हणाले ना. गाडीत तू मला ते एकेक करून सांग. मला समजले नाही तर मी मान हलवणार नाही. विचारीन.

सचिनरावांना नमस्कार. बॅग भरून ठेव.

तुला न्यायला येणारी,

ज्योत्सना